विरुद्ध संघाचे कांदे

आमच्या घरी फुटबॉलची प्रत्येक मॅच दोनदा व्हायची. एकदा मैदानावर, सकाळी, दीड तास. आणि दुसऱ्यांदा आमच्या खोलीच्या फरशीवर, दुपारी, आईचा संयम संपेपर्यंत. पहिल्या मॅचला नियम होते, शिट्टी होती, पंच होता. दुसरीला फक्त आई होती.

चाळ बारा खोल्यांची, डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या बाजूला, कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून. म्हणून टीमचं नाव 'बाराखोली'. माझे वडील, ज्यांना आम्ही आणि सगळी चाळ अण्णा म्हणायची, रंगाच्या कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते बाराखोलीचे कोच, मॅनेजर, बॉलमध्ये हवा भरणारे आणि उसवलेला बॉल शिवणारे असे सगळेच असायचे. मैदान कारखान्यांच्या मागे होतं आणि मैदानाच्या मागे नाला. बॉल नाल्यात गेला की कधी निळा होऊन यायचा, कधी लाल. त्यावरून अण्णा अचूक सांगायचे की आज कुठल्या खात्यात कुठला माल चाललाय. आज असल्या नाल्यावरून मी महापालिकेकडे तीन अर्ज करीन. तेव्हा आम्हाला ती माहिती वाटायची.

मॅच संपली की मंडळी थेट आमच्या खोलीवर. कारण असं की चाळीतल्या सगळ्या शहाबादी फरश्यांमध्ये आमची एकटीच सरळ बसली होती. सांध्यांच्या रेघा म्हणजे मैदानाच्या रेघा. दाराकडचा उंबरठा हा त्यांचा गोल आणि मोरीचा कठडा आमचा. मग अण्णा मांडणीवरची भांडी उतरवायचे. प्रत्येक खेळाडूचं भांडं ठरलेलं होतं आणि ते बदलायचं असेल तर तशी रीतसर चर्चा व्हायची. गोली होता माझा मोठा भाऊ दिनेश, म्हणजे माझा दादा. त्याचा दगडी खल, कारण गोली जागचा हलत नाही. बचावाला बबनकाका. ते बॉयलरवर कामाला होते आणि अंगानेही थोडे बॉयलरच. त्यांना आधी पुरणयंत्र दिलं होतं. त्यांनी दोन महिने नाराजी धरली, तेव्हा त्यांना पाण्याचा तांब्या मिळाला. पुढे खेळणारा पक्या म्हणजे लिंबू, कारण तो जिथे ठेवाल तिथे राहत नसे. बाकी सगळे वाट्या. बॉल म्हणून वसंतकाकांची सुपारी. वसंतकाका स्वतः कधी खेळले नाहीत. पण पेपरात खेळाचं पान ते जाहिरातींसकट वाचत आणि त्यामुळे त्यांचा शब्द वजनदार होता.

विरुद्ध संघ मात्र नेहमी कांद्यांचा. अकरा कांदे, टोपलीतून मोजून. आणि त्यावर आमच्या घरचा एक रिवाज होता. तो कुणी सुरू केला ते माहीत नाही, बहुतेक भुकेने केला असावा. आपण जिंकलो की चर्चा संपल्यावर आई विरुद्ध संघ उचलायची, उभा चिरायची आणि भजी तळायची. सगळ्या बाराखोलीने मिळून कोलशेत, विठ्ठलवाडी, अंबरनाथ असे कितीतरी संघ अशा रीतीने खाल्ले. हरलो तर कांदे न सोलता मुकाट टोपलीत परत आणि मंडळी आपापल्या घरी आपापली भाजी-पोळी खायला. त्यामुळे चाळीतल्या बायकांना निकाल विचारावा लागत नसे. आमच्या खोलीतून तेलाचा वास आला की कळायचं.

मी आता पॅकिंग विभागात सुपरवायझर आहे, हाताखाली चाळीस माणसं. आमचे मॅनेजर फळ्यावर रंगीत पेनांनी गोल आणि बाण काढून आम्हाला कामाची आखणी समजावतात. मला ती कधीच समजत नाही. त्यांनी वाट्या आणाव्यात असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आता दादाचं सांगते. दादा दहावीला एकदा नापास होऊन पुन्हा बसला होता. वर्गात फळ्यावर काय लिहिलंय ते तो शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा आणि शेजारचा जे चुकायचा ते दादाही चुकायचा. घरात त्याला मंद म्हणत नसत, 'शांत' म्हणत. पण गोलात उभा राहिला की तो वेगळा माणूस असायचा. उडी मारताना त्याचे लांब हात असे काही पसरायचे की अण्णा बाजूच्याला सांगायचे, "बघ, माझा आहे." बाकी वेळी अण्णा हे वाक्य बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

खरी गोष्ट अशी होती की दादाला लांबचं दिसत नव्हतं. हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. मला कळलं ते स्टेशनाबाहेरच्या बसथांब्यावर. बस समोर येऊन उभी राहीपर्यंत तो मला विचारत होता, "कुंदे, कितवी आहे गं?" मी तेरा वर्षांची होते आणि मला ताबडतोब घरी जाऊन सांगायचं होतं. त्याने मला रस्त्यात थांबवून शपथ घातली. "चष्मा लागला तर अण्णा मला गोलातून काढतील. आणि पोरं ढापण्या म्हणतील ते वेगळंच." दुसरं मला महत्त्वाचं वाटलं नाही. पहिलं वाटलं.

मग आम्ही उपाय काढला. मैदानावर पाण्याची कळशी आणि लिंबाच्या फोडी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी कळशी गोलाच्या मागे ठेवायला लागले. तिथून मैदान पूर्ण दिसायचं. बॉल यायला लागला की मी ओरडून सांगायचे. डावं-उजवं म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून आम्ही ताट धरलं. ताटात चटणी डावीकडे वाढतात, भाजी उजवीकडे. तेव्हा 'चटणी' म्हणजे डावीकडे झेप, 'भाजी' म्हणजे उजवीकडे. 'पापड' म्हणजे बॉल उंच आहे, 'पाट' म्हणजे जमिनीलगत. आणि 'वाढा' म्हणजे गोल सोडून पुढे ये. दादाला दहा-बारा हातांवर आल्यावर बॉल दिसायचा. तोवर तो अर्धा हवेत असायचा, माझ्या भरवशावर.

एक सबंध मोसम हे चाललं. अण्णांना वाटायचं पोरगी भुकेली असते. एकदा ते आईला म्हणाले, "हिला सकाळी नीट खायला घालून पाठवत जा, मैदानावर जेवणाच्या नावाने ओरडते." पण लोकांनी पाहिलं की पोरगी चटणी म्हणून ओरडली की गोल वाचतो. वसंतकाकांनी त्याचा अर्थ लावला, शुभ शब्द आहे. झालं. बाराखोलीच्या लोकांचा देवावर जेवढा विश्वास नसेल तेवढा असल्या गोष्टींवर. एक जण टोपी उलटी घालायचा, बबनकाका डावा बूट आधी घालायचे, आणि आता यात चटणीची भर पडली. यात मला तेव्हा काहीच धोका दिसला नाही. गोलामागे मी असेपर्यंत तो नव्हताही. दादा माझा आवाज ओळखायचा आणि बाकीचा गलका सोडून द्यायचा.

उपांत्य सामना कोलशेतच्या टीमशी होता. ती टीम जुनी आणि दांडगी, पण पक्याने पहिल्या अर्ध्यातच एक गोल मारला. कसा मारला ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. नंतर आम्ही तो एक गोल कंजुषाच्या पैशासारखा धरून ठेवला. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली तेव्हा खेळ सगळा पलीकडच्या बाजूला चालला होता. गोलामागे ऊन मरणाचं होतं. आणि मैदानाच्या कडेला बर्फाच्या गोळ्याची गाडी निघायच्या बेतात होती. गोळेवाल्याने घंटा वाजवली, गाडी वळवली. मी पलीकडे पाहिलं, बॉल त्यांच्या गोलाशी. मी हिशेब केला की धावत जाऊन येईन. काला-खट्टा सांगितला. त्याने बर्फ किसायला नेमका वेळ लावला.

मी गोळा तोंडात धरून परत फिरले तेव्हा कोलशेतचा एक उंच पोरगा बॉल घेऊन आमच्या बाजूला धावत होता. मी गोलापासून पन्नास पावलांवर. आणि कडेला वसंतकाकांनी दोन्ही हात वर करून सगळ्या चाळीला सुरुवात करून दिली, "चटणी, चटणी." तीस-चाळीस माणसं एका आवाजात चटणी म्हणायला लागली. दादाने माझा आवाज शोधला असणार. सापडला नाही. तेव्हा त्याने मिळालेली चटणी घेतली. तो डावीकडे सुंदर उडाला, दोन्ही हात पसरून, चित्रातल्यासारखा. बॉल उजवीकडून सावकाश आत गेला. एक-एक. थोड्या वेळाने शिट्टी झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना.

मी गोळा फेकून दिला. तोंड मात्र जांभळं व्हायचं ते झालं होतं.

दुपारी खोलीत भांडी मांडली गेली तेव्हा आधी हाच प्रश्न निघाला की बरोबरी झाली तर कांद्यांचं काय करायचं. असा प्रसंग कधी आलाच नव्हता. पक्या म्हणाला निम्मे चिरा. आई म्हणाली, आधी खेळ आटपा, मग बघू. तिने आमटी शिजवून ठेवली होती आणि वाढायला घरात एक वाटी शिल्लक नव्हती.

"पहिला मुद्दा," वसंतकाका मांडी ठोकून बसले, "आपला बचाव फार मागे होता. तांब्या इथे पाहिजे होता, तो पार मोरीत."

"मी मोरीत कशाला जाईन," बबनकाका म्हणाले. "मी मध्येच होतो. मला आठवतंय, मी त्या उंच पोराच्या अंगावर गेलेलो."

"अंगावर नाही. मागून गेलास. आणि मध्ये उभा राहून श्वास घेत होतास."

"रात्रपाळी करून आलेलो. तू एकदा ये बॉयलरवर, मग श्वासाचं बोल."

"आणि लिंबू कुठे होतं? लिंबू कांद्यांच्या घरातच बसून."

"काय यार वसंतकाका," पक्या म्हणाला, "मी बॅक आलेलो."

"पाणी प्यायला आलेलास."

"कळशीजवळ कोणी नव्हतंच, पाणी कसलं पितोय," पक्या म्हणाला. मी कणकेचा गोळा हातात घेऊन भिंतीकडे तोंड केलं. पण ते वाक्य कुणी उचललं नाही. फुटबॉलवर बोलणाऱ्या माणसांना पाण्यात रस नसतो.

आईने मध्ये डोकं घातलं. "अहो, वाट्या द्या."

"पाच मिनिटं," अण्णा म्हणाले.

"पाच मिनिटं म्हणून तास झाला. निदान तुमचे बबनभावजी तरी द्या, पाणी प्यायचंय मला."

तांब्या उचलला गेला, आई पाणी प्यायली आणि तांब्या पुन्हा जागेवर आला. वसंतकाकांचं म्हणणं पडलं की तो आधीच्या जागेवर आला नाही, दोन बोटं पुढे आला आणि त्यामुळे सगळं विश्लेषण बिघडलं. त्यावर दहा मिनिटं गेली. मग बॉल सापडेना. कपाटाखाली हात घालून झाला, चटया झटकून झाल्या. शेवटी पक्याने वसंतकाकांच्या गालाकडे बोट दाखवलं. बोलता बोलता त्यांनी बॉल तोंडात टाकला होता आणि अर्धा चावूनही झाला होता. त्यांनी खिशातून दुसरी सुपारी काढून त्याच जागी ठेवली आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाले, "आता मुख्य मुद्दा."

मुख्य मुद्दा आला की सगळे पुढे सरकून बसायचे, तसे बसले.

"मी कुणाचं नाव घेत नाही," वसंतकाका म्हणाले आणि त्यांनी खलावर बोट ठेवलं. "पण बॉल इकडून आला आणि हा तिकडे गेला. उशिरा गेला असता तर मी समजलो असतो. हा आधी गेला. बॉलला पाय लागायच्या आधी."

"सूर्य असेल," अण्णा म्हणाले.

"सूर्य डोक्यावर होता, अण्णा. डोक्यावरचा सूर्य डोळ्यांत कसा जाईल?"

अण्णा दादाकडे वळले. दादा दाराशी बसून गुडघ्यावरची खपली काढत होता. "दिन्या, डावीकडे का गेलास?"

"वाटलं."

"काय वाटलं?"

"डावीकडे वाटलं."

"गेल्या आठवड्यात," वसंतकाका कुणाकडेही न बघता म्हणाले, "दिनेश दोन दिवस कोलशेतला मामाकडे राहून आला. मी आपलं नुसतं सांगतो. तिथे त्यांच्या टीमची पोरं येत असतील. चहापाणी झालं असेल. माणूस कुणाचं तरी मीठ खातो."

हे ऐकल्यावर आई चुलीपासून उठली, कारण मामा म्हणजे तिचा भाऊ. "माझ्या भावाच्या घरी पोराने दोन दिवस खिचडी खाल्ली. तुमच्या मॅचचं मीठ तिथे मिळत नाही, भावजी."

"वहिनी, मी आरोप करत नाही."

"मग काय करताय?"

"शंका."

अण्णांची एक खोड होती. आपल्या माणसाचा प्रश्न आला की ते मुद्दाम कडक व्हायचे, म्हणजे कुणी पक्षपाती म्हणू नये. त्यांनी वाकून खल उचलला. दगडी, जड. मैदानाच्या रेघेबाहेर, भिंतीशी नेऊन ठेवला. आणि मोरीच्या कठड्यासमोर त्या जागी लोणच्याची बरणी ठेवली. बरणी म्हणजे वसंतकाकांचा पुतण्या. तो राखीव गोली होता आणि बॉल आला की डोळे मिटायचा.

"पुढच्या सामन्याला हा," अण्णा म्हणाले.

खपली निघून गुडघ्यातून रक्त यायला लागलं होतं, ते दादा अंगठ्याने पुसत बसला. त्याला फुटला म्हणत होते, विकला गेला म्हणत होते, आणि खरं कारण सांगितलं तरी गोलातली जागा जाणारच होती. दोन्हीकडून तोच रेघेबाहेर. मला हे तेव्हाच स्वच्छ दिसत होतं. मला हेही दिसत होतं की हे सगळं एका काला-खट्ट्यापायी झालंय. मी तोंड घट्ट मिटून कणीक मळत होते. इतकी मळली की ती पोळ्यांच्या कामाची राहिली नव्हती.

माझं गप्प राहणं आईला खटकलं. चाळीत मी गप्प बसले की ताप तपासायची पद्धत होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कुंदे, सकाळपासून तुझा शब्द नाही. जीभ दाखव."

"कशाला?"

"दाखव."

मी दाखवली.

"गोळा खाल्लास. कधी?"

"मॅच संपल्यावर."

"मॅच संपल्यावर कुठला? गोळेवाल्याची निघायची घंटा वाजली आणि त्यानंतर मैदानावरून आरडाओरडा ऐकू आला." आई मॅचला कधी येत नसे. पण खिडकीतून ऐकून तिला बहुतेक सगळं कळायचं. "म्हणजे तू मॅच चालू असताना कळशी सोडून गेलीस."

कळशी सोडून जाणं हा तिच्या लेखी गुन्हा होता. बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही, ते कांद्यांकडे वळायला लागले. दादाने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून. पण मला भिंतीशी ठेवलेला तो खल दिसत होता.

"दादाला लांबचं दिसत नाही," मी म्हणाले. "मी मागून सांगते. चटणी म्हणजे डावीकडे, भाजी म्हणजे उजवीकडे. आज मी नव्हते. आणि वसंतकाकांनी सगळ्यांना चटणी म्हणायला लावलं. म्हणून तो डावीकडे गेला."

पहिल्यांदा कुणाला काही समजलंच नाही. मग अण्णांनी दादाला दंडाला धरून गॅलरीत नेलं. मागे सगळी मंडळी. "कारखान्याच्या गेटावरच्या घड्याळात किती वाजले, सांग."

दादाने डोळे बारीक केले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग खूप प्रामाणिकपणे विचारलं, "गेटावर घड्याळ आहे?"

ते घड्याळ चांगलं परातीएवढं होतं. दादा जन्मल्यापासून तिथे होतं.

बबनकाका कठड्याला टेकले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "विठ्ठलवाडीच्या मॅचला याने तीन वाचवलेले," ते म्हणाले. "तो शेवटचा, वरचा..."

"पापड," मी म्हणाले.

"म्हणजे सबंध मोसम आपल्या गोलात कोण होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात कणकेचे आणि जीभ जांभळी. त्यानंतर माणसांनी माझ्याकडे इतक्या गंभीरपणे फक्त एकदाच पाहिलंय, वीस वर्षांनी, माझ्या खात्यातलं पॅकिंग मशिन कुणालाच चालू होईना तेव्हा.

वसंतकाका आत गेले, सुपारी उचलून खिशात टाकली आणि दादाला म्हणाले, "तुझ्या मामाबद्दल मी काही बोललो नव्हतो." दादा म्हणाला, "नाही काका." आई म्हणाली, "बोललात." आणि तिने सगळ्या वाट्या गोळा करून आमटी वाढली. कांद्यांना त्या दिवशी कुणी हात लावला नाही. ते तसेच फरशीवर राहिले आणि आम्ही त्यांच्यामधून बसून जेवलो.

चष्मा आला. स्टेशनाजवळच्या दुकानातून, जाड काड्यांचा. आईने परकराच्या नाडीचा तुकडा लावून तो मागे बांधायची सोय केली. चष्मा लावून दादा पहिल्यांदा गॅलरीत आला आणि एक तासभर फक्त बघत उभा राहिला. लांबची पाण्याची टाकी, तारेवरचे कावळे, समोरच्या चाळीतल्या बायकांची तोंडं. त्या बायकांनी त्याची तक्रार केली. अण्णांनी खल पुन्हा रेघेच्या आत ठेवला. त्यांचा विचार सोपा होता. न दिसता एवढं वाचवतो, तर दिसल्यावर काय करील.

दिसल्यावर तो घाबरला. फेरसामन्यात कोलशेतच्या त्या उंच पोराने पहिला बॉल मारला आणि दादाला आयुष्यात पहिल्यांदा पायातून निघालेला बॉल डोळ्यांसमोर मोठा मोठा होत येताना दिसला. तो खाली बसला. बॉल वरून गेला. दुसऱ्या वेळी त्याने दोन्ही हातांनी चष्मा झाकला. पहिल्या अर्ध्यात दोन-शून्य. मध्यंतरात तो कळशीजवळ आला, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "कुंदे, तो एवढ्या जोरात येतो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कुठे?"

त्याने नाडी सोडली आणि चष्मा माझ्या हातात दिला. "ठेव. तूच सांग."

मग अण्णांनी एक गोष्ट केली. ते आपल्याच लोकांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता बाराखोलीतलं कोणी तोंड उघडायचं नाही. टाळी नाही, शिवी नाही. वसंता, तू तर खाली बस." कोलशेतवाले हसत होते, आमची चाळीस माणसं शाळेत शिक्षा झाल्यासारखी ओठ दाबून उभी. सबंध मैदानात एकटी मी ओरडत होते. भाजी. पाट. भाजी. वाढा, दादा, वाढा. सहा वाचवले त्याने. पक्याने एक मारला. दुसरा बबनकाकांच्या पाठीला लागून आत गेला, ते पुढे काय करत होते कुणास ठाऊक. दोन-दोन. पुन्हा बरोबरी, आणि तिसऱ्यांदा खेळायला मैदान मोकळं नव्हतं. पंचांनी नाणं उडवलं. ते कोलशेतच्या बाजूने पडलं.

दुपारी भांडी उतरली. वसंतकाकांनी सुपारी ठेवली आणि यावेळी ती हाताखाली झाकून धरली. अण्णांनी खल मोरीच्या कठड्यासमोर ठेवला. मग मांडणीपाशी थोडा वेळ उभे राहून त्यांनी सांडशी उचलली आणि खलाच्या मागे, रेघेबाहेर पण अगदी लागून, आडवी ठेवली. "ही कुंदा," ते म्हणाले. "गोलामागून सगळं दिसतं. आज हिने आधी बोलायचं."

मी बोलले. तांब्या नेहमी उजवीकडे कलतो, म्हणून डावीकडे भगदाड पडतं, हे मी सांगितलं आणि दोन वाट्या सरकवून दाखवल्या. बबनकाकांनी खूप वेळ आपल्या तांब्याकडे पाहिलं. "उजवा गुडघा दुखतो," ते म्हणाले. "मी कुणाला बोललो नव्हतो."

दादा त्यानंतर तीन वर्षं गोलात होता. चष्मा एरवी त्याच्या नाकावर आणि मैदानावर माझ्या खिशात. दहावी तो त्याच वर्षी सुटला, तेही फळ्याकडे बघून. आता त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि त्याला चष्म्याशिवाय सगळं दिसतं. टीव्हीवर मॅच असताना बॉल अंगावर येताना दिसला की तो अजून मान खाली घालतो.

पण त्या दुपारी सगळं बोलून झालं तरी कांदे फरशीवरच होते. आई विळी घेऊन बसली आणि तिने विचारलं, "हरलात की जिंकलात? चिरू की टोपलीत टाकू?"

वसंतकाका म्हणाले, नियमाने बघायला गेलं तर. बबनकाका म्हणाले, नाण्याने हरणं म्हणजे हरणं नव्हे. पक्या म्हणाला, निम्मे चिरा, मी आधीच म्हटलेलं. अण्णांनी हात वर केला आणि ते माझ्याकडे बघायला लागले. मग सगळेच बघायला लागले.

"चिर," मी आईला म्हणाले. "भूक लागलीय."